अक्काचे अभिप्राय

नांदेडच्या साप्ताहिकात 'नवी पुस्तकं' हे सदर सात वर्षं माझ्या नावानं छापून येत होतं. त्यातली मतं माझ्या थोरल्या बहिणीची होती.

आम्ही उदगीरकडचे. घरात निम्मी कानडी, निम्मी मराठी. त्यामुळं ती माझी अक्का आणि मी तिचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. सातवी झाल्यावर तिचं लग्न झालं आणि ती अहमदपूरला गेली. दाजींची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत होती. ते सकाळी कपाळाला विभूती लावून बाहेर पडत ते जेवायलाच परत येत. अक्कानं घराच्या पुढच्या खोलीत वह्या-पेन्सिलींचं, गोळ्या-शेंगदाण्यांचं दुकान थाटलं होतं. समोरच शाळा. शाळा भरताना आणि सुटताना गर्दी व्हायची, मधला सगळा वेळ तिचाच. त्या वेळात ती वाचायची. पुड्या बांधायला रद्दी यायची, तीही वाचल्याशिवाय फाडायची नाही.

मी नोकरीला लागलो तो मोठ्या दुष्काळात. पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून म्हणून. अक्काकडं राहायचो आणि सायकलनं कामावर जायचो. त्या कामाविषयी पुढं सांगायचं आहेच. दुष्काळ सरला, मी कायम झालो आणि माझी बदली नांदेडला झाली.

तिथं वजिराबादेत एका साप्ताहिकाच्या संपादकांशी ओळख झाली. माझ्या हातात कायम पुस्तक असतं हे बघून त्यांनी विचारलं, "आमच्याकडं नव्या पुस्तकांच्या दोन-दोन प्रती येऊन पडतात. लिहाल का काही?" पुस्तकांवर 'अभिप्रायार्थ सप्रेम' असा शिक्का असायचा. मी हो म्हणालो. पहिले दोन लेख लिहिले ते वाचून संपादक म्हणाले, "बरं आहे. पण प्रस्तावनेतलंच वाटतंय." ते खरंच प्रस्तावनेतलं होतं.

त्या शनिवारी मी एसटीनं लोह्यामार्गे अहमदपूरला गेलो. पिशवीत पाच पुस्तकं होती. ती सगळी अक्कानं पंधरा दिवसांत वाचली. पुढच्या खेपेला तिच्या दुकानात पोत्यावर बसून मी सहज विचारलं, "कशी वाटली?"

एका प्रतिष्ठित गृहस्थांचं आत्मचरित्र होतं. ती म्हणाली, "माणूस हुशार हाय. पर चारशे पानांत बायको दोनदाच आली. एकदा लग्नात आन एकदा चहा घेऊन."

ग्रामीण कादंबरी होती. "समदे भूक लागली, भूक लागली म्हणून राहिले. चूल कोण पेटवतंय ते लिवलंच न्हाई."

रहस्यकथा होती. "खुनी कोन ते मधेच कळलं. तरी शेवटपर्यंत वाचली. त्यातली घरमालकीण लई ग्वाड हाय."

पाकक्रियेचं पुस्तक होतं. ते तिनं बाजूलाच ठेवलं. "तांदूळ तीन पाण्यानं धुवा म्हणतीया. कुठल्या गावची हाय ही बाई?"

मी तिथंच वहीत उतरवून घेतलं. नांदेडला येऊन ते शुद्ध भाषेत लिहिलं आणि अधूनमधून समीक्षेतले दोन-चार शब्द पेरले. संपादक मला शोधत माझ्या कार्यालयात आले. म्हणाले, "ते बायको दोनदाच येते वाक्य. कसं सुचलं?"

"वाचताना सुचलं," मी म्हणालो. तेव्हा ते खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही.

मग तो शिरस्ताच झाला. महिन्यातून दोनदा मी पिशवी भरून न्यायचो आणि वही भरून आणायचो. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, नाटकं, शेतीची पुस्तकं, मुलांच्या गोष्टी, काहीही असो. मुलांची पुस्तकं ती दुकानात येणाऱ्या मुलांना अर्धीच वाचून दाखवायची. पुढचं काय झालं हे विचारायला दुसऱ्या दिवशी कोण परत येतंय ते बघायची. कविता मात्र मोठ्यानं वाचायची. तिच्या मते जी कविता वाचताना दोनदा थांबावं लागतं ती एक तर चांगली असते, नाही तर वाईट छापलेली असते.

साप्ताहिकाचा अंक मी तिला नेऊन द्यायचो. ती लेख वाचायची, गालात हसायची आणि घडी करून ठेवायची. तिचं नाव घालावं असं माझ्या मनात कधी आलं नाही. एकदा दाजीच म्हणाले, "हे तर तुझंच बोलणं हाय की गं." अक्का म्हणाली, "असू द्या. मला कोन वळखतंय?" त्यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी ताटातली भाकरी मोडत राहिलो.

पुढं लातूर जिल्हा झाला. अहमदपूर उस्मानाबादेतून लातुरात आलं. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या पाट्या. मी बदली मागून घेतली आणि लातूरला आलो. तिथं एक नवं दैनिक निघणार होतं. त्याच्या संपादकांनी मला बोलावून घेतलं. नांदेडचं सदर त्यांनी वाचलेलं होतं. म्हणाले, "तुमचं छान असतं, पण गोड असतं. नव्या जिल्ह्याला कडक समीक्षक पाहिजे. पहिल्याच अंकात कुणाला तरी धरा."

त्याच सुमाराला अक्काकडं एक कवितासंग्रह आला होता. अभिप्रायार्थ शिक्क्याचा नव्हे, कवयित्रीनं स्वतःच्या हातानं आणून दिलेला. समोरच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी लागलेल्या बाई होत्या त्या, विशीतल्या. बौद्ध वस्तीतल्या, घरात पहिल्यांदा शिकलेल्या. खडू घ्यायला म्हणून यायच्या आणि मधल्या सुट्टीभर अक्काच्या दुकानात बसायच्या. सुरुवातीला घरातल्या कुणी त्यांच्या चहाची कपबशी वेगळी ठेवली होती. अक्कानं ती कपबशी उचलली आणि त्यातून स्वतः चहा प्यायला लागली. मग वेगळं काही उरलं नाही. त्या बाईंचं हे पहिलंच पुस्तक. पातळसं, अहमदपुरातच छापलेलं.

मी गेलो तेव्हा अक्कानं ते माझ्या हातात दिलं. इतक्या आनंदात मी तिला क्वचितच पाहिलं असेल.

"तम्मा, हे वाच. इतके दिस तू आणलेल्या पुस्तकांत असं आलं न्हाई."

"काय आहे?"

"दुष्काळाचं हाय. ती ल्हान असताना आईसंगं कामावर जायची, त्याचं. सोळाव्या पानावर एक हजेरी कारकून हाय बघ. लई खरा उतरलाय."

मी सोळावं पान काढलं. बाभळीच्या सावलीत बसलेला कारकून. मांडीवर हजेरीपट, हजेरीपटावर पुस्तक. समोर उन्हात बायकांची रांग. प्रकरण संपेपर्यंत तो मान वर करत नाही. आई पाणी शोधायला गेली म्हणून उशिरा येते, तर तो न बघताच गैरहजर लिहितो आणि पान उलटतो. मुलगी शेवटी विचारते, त्या पुस्तकात काय होतं.

पाझर तलावाच्या कामावर बाभळ होती. मांडीवर पुस्तक घेऊन हजेरी घेणारा कारकून त्या भागात मी सोडून दुसरा असेल असं मला वाटत नाही. मी ती रांग उभी ठेवायचो. ऊन मला दिसायचं, तरी प्रकरण पुरं करायचो. ती बाई आणि ती मुलगी मात्र मला अजिबात आठवेनात. ते जास्त लागलं.

अक्काला मी त्या कारकुनाविषयी काही बोललो नाही. तिच्या ध्यानात आलं होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. ती पुढं सांगत होती, "शेवटच्या कवितेत काळीज-काळीज जरा जास्ती झालंय. मी तिला म्हणलं, काळजाला जरा इसावा दे गं बाई. तर पोट धरून हसली. म्हणली, पुढच्या पुस्तकात देते."

पुस्तक घेऊन मी लातूरला आलो आणि एका बैठकीत लेख लिहिला. सोळाव्या पानाचा उल्लेख केला नाही. ग्रंथिक भाषा येत नाही म्हणून कुणी बोलीचा आडोसा घेऊ नये, 'हाय' आणि 'न्हाई' लिहिल्यानं कविता होत नाही, असं लिहिलं. माझी बहीण आयुष्यभर ज्या भाषेत मला पुस्तकं समजावून सांगत आली, त्या भाषेबद्दल मी हे लिहिलं. शेवट मला सुचेना. तेव्हा वहीत उतरवलेलं वाक्य उचललं : 'कवयित्रीने आपल्या काळजाला जरा विसावा द्यावा.'

लेख गाजला. दैनिकाच्या संपादकांनी पाठ थोपटली. कचेरीतले लोकही ते शेवटचं वाक्य म्हणून दाखवत.

अहमदपूरला मी तीन आठवडे गेलो नाही. गेलो तेव्हा अक्का दुकानात बसली होती, हातात पुस्तक नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली. तिनं पाणी दिलं.

"लेख वाचलास का?" मीच विचारलं.

"वाचला."

"कसा वाटला?"

समोरच्या शाळेकडं बघत ती म्हणाली, "बाई आल्त्या. पेपर घेऊन आल्त्या. मला इचारलं, अक्का, हे तुम्ही मला हसत म्हणला होता. माझ्या माघारी भावाला कसं म्हणला होता?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? शब्द तर माझेच होते."

"मी जाऊन सांगतो त्यांना."

"सांग," अक्का म्हणाली. "आताच जा. शाळा सुटायला येळ हाय."

मी उठलो आणि शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. आत मुलं पाढे म्हणत होती. काय सांगायचं ते मी मनात जुळवू लागलो. लेखाचं सांगायचं तर कारकुनाचं सांगावं लागलं असतं. मी फाटकाला हात लावून परत आलो आणि अक्काला म्हणालो, वर्ग चालू आहे, पुढच्या खेपेला बघू. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

पुढच्या खेपेला तिनं पाचही पुस्तकं वाचून, रचून ठेवली होती. मी वही काढली. ती एकेका पुस्तकावर हात ठेवत गेली. "हे चांगलं हाय. हे पन चांगलं हाय. हे बी." त्यात एक इतकं वाईट पुस्तक होतं की पूर्वी तिनं अर्धा तास बडबड केली असती.

"अक्का, नीट सांग की."

"सांगितलं की. चांगलं हाय."

त्यानंतर तिनं मला एकही मत दिलं नाही. पुस्तकं नाकारली नाहीत, वाचत होती, पण मला प्रत्येक पुस्तक चांगलं. मी वर्षभर माझ्या अकलेनं लिहिलं. पुन्हा प्रस्तावना वाचून लिहू लागलो. दैनिकाचे संपादक आधी काही बोलले नाहीत, मग लेख आतल्या पानावर गेला, मग जागा नाही म्हणून राहू लागला. सदर बंद पडल्याचं मला कुणी कळवलंसुद्धा नाही. त्या सगळ्या काळात मी दर महिन्याला अहमदपूरला जात होतो आणि शाळा माझ्या डोळ्यांसमोर होती.

मी खरंच आत गेलो तेव्हा चार वर्षं उलटली होती. मुख्याध्यापक म्हणाले, "त्या बाई तर कधीच गेल्या. हिमायतनगरकडं बदली मागून घेतली." इतक्या लांब का, असं मी विचारलं. "नवऱ्याचं गाव तिकडं आहे म्हणाल्या. पण जायचं त्यांच्या मनात आधीपासून होतं," ते म्हणाले.

मी पत्ता मागून घेतला आणि पत्र लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं, पाचवं पाठवलं. त्यात सगळं लिहिलं. अक्काला पुस्तक किती आवडलं होतं, ती काय काय म्हणाली होती, मी त्यातलं काय घेतलं आणि काय गाळलं. सोळाव्या पानावरचा कारकून बहुधा मीच होतो, तुमची आई मला आठवत नाही, याचीही लाज वाटते, हेही लिहिलं. त्या दिवशी मांडीवर कोणतं पुस्तक होतं ते सांगावं म्हणून फार आठवून पाहिलं. तेही आठवलं नाही.

मला उत्तर आलं नाही. दिवाळीत अहमदपूरला गेलो तर अक्काच्या हातात एक आंतर्देशीय होतं. मी अक्षर ओळखलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"बाईंचं?"

"हाव."

"काय लिहिलंय?"

"ती बरी हाय. पोरगी झालीया. माझी इचारपूस केलीया." तिनं पत्राची घडी केली. "तुझ्यासाठी काही न्हाई त्यात."

मी बरं म्हणालो.

तेव्हापासून त्या दोघींची पत्रं सुरू आहेत. मी नांदेडला किंवा पुण्याला गेलो की नवी पुस्तकं आणतो, आता विकत घेऊन. अक्का वाचते, मग ती पोस्टानं हिमायतनगरला जातात. कुठलं पुस्तक कसं आहे हे ती चार-चार पानं लिहून बाईंना कळवते. मी असलो की पार्सल मीच बांधतो आणि पोस्टात नेऊन टाकतो. पत्र तेवढं ती आधी चिकटवते आणि मगच माझ्या हातात देते.

बाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. नव्या पुस्तकांच्या जाहिराती आल्या की मी त्यांचं नाव शोधतो. एकदा धीर करून अक्काला विचारलं, "त्या लिहितात का अजून?"

"मला लिवतात की," अक्का म्हणाली, आणि वाचत होती त्या पुस्तकात पुन्हा मान घातली.