चंद्रभानच्या बोक्याचा डबा

आणीबाणीच्या साली चंद्रभान मेश्राम मिलमधून रिटायर झाला. इंदोऱ्यातल्या घरी त्याची बायको गोपिका होती आणि दोन पोक्त मांजरं होती. दरोगा नावाचा एक कान फाटलेला बोका आणि राणी नावाची ढवळी मांजर. जन्मभर फिटरकी केलेला माणूस. रिकाम्या हाताला काहीतरी लागतंच.

त्यातच गोपिकेच्या भावानं, मौद्याच्या महादेवरावानं, मुलीचं लग्न काढलं. चार दिवस घर बंद राहणार. मांजरांना एकदम दूधपोळी ठेवावी, तर कावळे नाहीतर मुंग्या ती खाणार. चंद्रभाननं डालड्याचा मोठा डबा आडवा कापला, बिजागरीचं झाकण बसवलं आणि समोर पत्र्याची पट्टी जोडली. मांजरानं पट्टीवर पाय दिला की झाकण उघडे. पाय काढला की बंद.

पहिल्याच दिवशी झाकण खाडकन वाजलं. दरोगा कौलावर गेला आणि राणी धान्याच्या कोठीमागं शिरली. तिला काढायला गोपिकेला कोठी सरकवावी लागली.

"म्हातारी मांजरं हायेत थे," गोपिका म्हणाली. "त्याईले लहान पोरासारखं हळूहळू शिकवा लागते."

मग चंद्रभाननं झाकणाला चिंधी गुंडाळली, ते सुतळीनं उघडं बांधलं आणि डबा नुसताच ओसरीवर ठेवला. अन्न आधी डब्याशेजारी, मग काठावर, मग आत. मांजरं खाऊ लागली. पण सुतळी सोडली की पुन्हा लांब जाऊन बसायची. पट्टी दाबायची असते हे त्यांना कळेना. शेवटी तो स्वतः गुडघ्यावर टेकला, दोन्ही हात जमिनीवर ठेवले, एक हात पट्टीवर दिला आणि उघडलेल्या डब्यात नाक घातलं.

"पाहा, असं," तो मांजरांना म्हणाला.

दरोगानं पाहिलं. राणीनंही पाहिलं. दोघं शांतपणे आली आणि त्याच्या नाकाशेजारी खाऊ लागली. चंद्रभानला वाटलं, शिकली. पण दुसऱ्या दिवशी ती डब्याशी बसून त्याच्याकडे पाहत राहिली. तो गुडघ्यावर आला तेव्हाच उठली. तिसऱ्या दिवशीही तेच. मांजरं शिकली होती, पण माणूस वाकला की जेवण मिळतं, एवढंच शिकली होती.

लग्नाला निघायचा दिवस आला. गोपिका पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"तुम्ही येता का नाही?"

"कसा येऊ वं? हे उपाशी राहतीन."

"भावाले काय सांगू?"

"तब्येत बरी नाही म्हणून सांग."

ती एकटीच मौद्याच्या बसमध्ये बसली.

शेजारचे बाबाराव भले माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मी वाकतो न चंद्रभानभाऊ. तुम्ही उद्याच्या बसनं जा," असं म्हणून सरावासाठी ते ओसरीवर ओणवे झाले. पण पट्टी दाबायचीच विसरले. मांजरं बराच वेळ अदबीनं थांबली. मग दरोगा बाबारावांच्या पाठीवर चढला, तिथून थेट पट्टीवर उतरला आणि उघडलेल्या डब्यात जेवायला लागला. राणीनंही मागोमाग तसंच केलं.

"जमलं गा," बाबाराव तसेच ओणवे राहून म्हणाले. "आता उठू काय?"

जमलं ते असं की तेव्हापासून मांजरांना पट्टीवर उतरण्याआधी माणसाची पाठ लागायला लागली. बाबारावांची कंबर त्या एका सरावातच धरली. लग्न तर गेलंच.

चंद्रभाननं मग लाकडी स्टूल घेतलं. त्यावर पोतं टाकलं, तर मांजरं ढुंकून बघेनात. स्वतःचा मिलमधला खाकी शर्ट टाकला, तेव्हा दरोगानं वास घेऊन एक पाय ठेवला. शर्टात भाताचं वाळलं तणस भरलं, खाली पँट जोडली, पुढं टोपी बसवली. आता मांजरं पाठीवर चढत, पट्टीवर उडी घेत, जेवत आणि झोपायला जात. चंद्रभानला मनापासून आनंद झाला.

लग्नानंतर महादेवराव गोपिकेला पोचवायला आले. मेव्हणा आजारी म्हणून ते काळजीतच होते. ओसरीवर पाहतात तर मेव्हणा चारी पायांवर, पाठीवर बोका.

"जयभीम, भाऊजी," ते म्हणाले. मग आवाज चढवला. "आमी तुमची तब्येत ऐकून जीव खालीवर करून राहिलो, अन् तुम्ही इथं बोक्याले पाठीवर खेळवून राहिले? पोरीनं किती वाट पाह्यली. काहून नाही आले? बोलान काही."

दरोगानं उडी मारली. झाकण उघडलं. महादेवराव दोन पावलं मागं सरले. तेवढ्यात खरा चंद्रभान मोरीतून तोंड पुसत आला.

"कोणासंग बोलून राहिले, महादेवराव?"

महादेवराव ओट्यावर बसले. गोपिकेनं चहा टाकला. त्यांनी तो बशीत ओतून पिऊन टाकला. मग स्टुलावरच्या बाहुल्याकडं बोट करून म्हणाले, "याले घरीच राहू द्या. तुम्ही दोघंही चला. पोरगी चार दिवस माहेरी आली हाये."

असा चंद्रभान एकदाचा मौद्याला गेला. भाचीनं त्याच्याकडून ती सगळी हकीकत दोनदा वदवून घेतली. मागं डबा भरायचं काम बाबारावांकडं होतं. परत आल्यावर पाहिलं तर मांजरं गुबगुबीत झालेली, आणि स्टुलावरच्या चंद्रभानच्या गळ्यात बाबारावांचा मफलर.

"थंडी होती," बाबाराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गोपिकेनं तो कळकट शर्ट धुवायला काढला. दिवस ढगाळ होता, शर्ट वाळेना. मांजरं डब्याशी येऊन बसली. चंद्रभाननं त्यांच्याकडे पाहिलं, चष्मा काढून गोपिकेच्या हातात दिला आणि गुडघ्यावर टेकला.