माझ्या साडूला काहीच येत नाही

माझ्या साडूइतकं कमी येणारा मास्तर अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्याच्याइतका नावाजलेलाही नाही. या दोन गोष्टी एका माणसात कशा मावतात हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, आणि मी गणिताचा मास्तर आहे. नांदुऱ्याला इतकी वर्षं खडू झिजवतोय. फळ्यावर माझं वर्तुळ कंपास न लावता गोल येतं. कोणी आलंय बघायला? साडू तिकडे जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत, आणि त्याला भेटायला माणसं गाड्या करून जातात. जळतो मी त्याच्यावर. सरळच सांगतो, उगाच साधुपणाचा आव कशाला आणायचा?

पोरांनी काही विचारलं की हा गृहस्थ खुशीत मांडीवर थाप मारतो अन् म्हणतो, "मले नाही येत बाप्पा! चला, इचारू कोणाले तरी." आम्ही मास्तर लोक एक वेळ रजा टाकू, पण वर्गासमोर हे वाक्य तोंडातून काढणार नाही. हा मात्र फोन घेऊन शाळेच्या गच्चीवर चढतो, कारण रेंज तिथेच, आणि मागून अख्खा वर्ग. भरती-ओहोटीचा धडा आला तेव्हा शिक्षकांच्या कुठल्याशा ग्रुपवरून त्याने कोकणातल्या एक बाई गाठल्या. बाईंनी किनाऱ्यावरून व्हिडिओ कॉल लावला. तिकडची पोरं गुडघाभर पाण्यात, इकडची गच्चीवर उन्हात, आणि साडू सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडतोय, "अरे, गेलं पाणी! पाहा ना बे, मांगं गेलं!" त्या बदल्यात कोकणातल्या पोरांना कापसाचं फुटलेलं बोंड बघायचं होतं. तर हा पठ्ठ्या आमच्या मेव्हण्याच्या लग्नात, वडनेर भोलजीला, हातात अक्षता असताना मांडवातून उठला आणि शेजारच्या वावरात शिरला. इकडे मंगलाष्टकं चालू, तिकडे घरचा मोठा जावई कपाशीत उभा राहून फोनला बोंडं दाखवतोय. आता सासरे भडकतील म्हणून मी मोठ्या आशेने त्यांच्याकडे बघितलं. ते कौतुकाने म्हणाले, "लई हुशार आहेत आमचे जावई." धाकटा जावई, म्हणजे मी, तेव्हा आहेराच्या पिशव्या सांभाळत होतो.

ग्रुप किती आहेत ते त्याचं त्याला सांगता येणार नाही. कुठल्याही गावच्या पोराचं कुठलंही अडलेलं हा दुसऱ्या गावच्या मास्तरकडे ढकलतो, उत्तर आलं की परत पाठवतो, आणि मध्ये स्वतः फक्त "वा! वा!" किंवा "अजून सोपं करून सांगा ना" एवढंच लिहितो. झालं याचं शिकवणं! गणिताचं अडलं की माझ्याकडे यायचा. "साडूभाऊ, एका पोरीले अडलं हो. तेवढं सांगा ना." मी कुरकुरत कागदावर पायऱ्या मांडायचो आणि फोटो काढून पाठवायचो. कुरकुर आपली वरवरची. शेवटी माझ्याच दाराशी यावं लागतं, या विचाराने आतून बरं वाटायचं.

एवढ्यावर माझं भागलंही असतं. पण आमची मुलगी आठवीत गेली, आणि गणित अडलं की मावसाजींच्या ग्रुपवर विचारायला लागली. घरात गणिताचा मास्तर बसलेला असताना! वर बायको म्हणते, "भाऊजींमुळे पोरीला गणिताची गोडी लागली बघा." मग मी काय घरात नुसता पंख्याखाली बसायला आहे? चाचणीत तिला छान गुण पडले, तर पोरीने आधी फोन त्याला केला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सत्कार घे बाबा, सासऱ्यांचं कौतुक घे, पण माझी पोरगीसुद्धा?

रविवारी मी बस धरली आणि जळगाव जामोद गाठलं. साडू ओसरीवर फोन चार्जिंगला लावून त्याच्यावर वाकून बसला होता. मी चप्पल काढायच्या आधीच तोंड उघडलं. "भाऊ, माझ्या पोरीले गणित तुम्ही काऊन शिकवता?"

तो खरोखरच गोंधळला. "मी? मले कुठं येते गणित? तिचे सवाल मी तुमालेच तर धाडतो."

"म्हणजे ती अडलेली पोरगी..."

"हाव. तुमचीच."

"अन् उत्तर मी देतो, हे तिले माहीत आहे?"

"आता बापाचं अक्षर पोरीले ओळखू येणार नाही काय, साडूभाऊ?" मग आतल्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज खाली आणला. "तिनंच सांगितलं होतं, माह्यं नाव घेऊ नका म्हणून. म्हणे, पप्पाले समोर इचारलं का म्हणतात, एवढंही येत नाही? कागदावर नाही म्हणत."

चहा आला, तो मी प्यायलो. भांडायला आणलेलं सगळं तसंच परत घेऊन संध्याकाळच्या बसने घरी आलो.

आता माझं जळणं थांबलं असेल असं तुम्हाला वाटेल. कसलं थांबतंय! उलट वाढलंय. माझ्या पोरीची माझ्याशी गाठ घालून द्यायला हा माणूस मध्ये लागावा, याच्याइतकं जळण्यासारखं दुसरं काय आहे? पण त्याचा मेसेज आला की मी हातातलं काम टाकतो, हेही खरं. परवा असाच आला. "एका पोरीले अवयव पाडता येऊन नाही राह्यले." ती पोरगी आतल्या खोलीत, मी बाहेरच्या खोलीत, मध्ये एक पडदा. मी नेहमीपेक्षा दोन पायऱ्या जास्त लिहिल्या. खाली लिहिलं, "समजलं नाही तर पुन्हा विचार." फोटो जळगाव जामोदला गेला आणि थोड्या वेळाने पडद्याआड फोन वाजला.

मी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, समजलं असेल. तेवढ्यात साडूचा मेसेज आला. "पोरगी म्हणून राह्यली, पुन्हा एकदा सांगा."

मी नवा कागद घेतला.