नजर ठेवणारं ॲप

मानवतच्या ज्या शाळेत मी कारकून आहे, तिथल्या कॉम्प्युटरला चार जीबी रॅम आहे. तेवढ्यात दाखले, पगारपत्रकं सगळं निघत होतं. मग संस्थेच्या सचिवांनी प्रत्येक मशीनवर एक ॲप टाकून घेतलं. ते थोड्या थोड्या वेळानं स्क्रीनचा फोटो काढायचं आणि माउस हलला नाही, की ‘कर्मचारी जागेवर नाही’ अशी नोंद करायचं. तेव्हापासून मशीन मरगळलं. फाइल उघडायला लावावी आणि पाणी पिऊन यावं.

हेडक्लार्क म्हणाले, “मशीनला काय धाड भरलीय? मॅडम, तुमचाच हात जड झालाय आता.”

मी पुढची फाइल उघडायला लावली.

निकालानंतर एक मेंढपाळ बाप मुलीला घेऊन आला. तिला परभणीला नर्सिंगला जागा मिळाली होती, आणि शाळा सोडल्याचा दाखला त्याच दिवशी तिथं द्यायचा होता. मी तिचं नाव टाकलं आणि स्क्रीन पांढरी पडली. मशीन बंद करून चालू केलं. परत तेच.

“बाई, सकाळधरून बसलाव आमी,” बाप म्हणाला. “मेंढरं भावावर टाकून आलाव. लय उशीर व्हायलाय. आता गाडी चुकली की पोरीचं साल गेलं.”

मुलगी घड्याळाकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

शेवटी मी टास्क मॅनेजर उघडला. कोणतं ॲप किती मेमरी खातंय ते समोर आलं. सगळ्यात वर तेच, नजर ठेवणारं. मी काम करते की नाही हे बघण्यापायी ते मला कामच करू देत नव्हतं. मी ते बंद केलं. दाखला लगेच निघाला. मुख्याध्यापकांची सही होताच बापलेक स्टँडकडे पळत सुटले. त्या दुपारी मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी बोलावलं. “काल दुपारी कुठं होता?”

“जागेवरच होते, सर. मशीन अडकलं म्हणून ते ॲप बंद केलं. सगळी मेमरी तेच खातं.”

“तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कधीपासून कळायला लागलं?”

बाजूला बसलेले हेडक्लार्क हसले. मी दाखल्याची प्रत पुढे ठेवली. सचिवांनी ती उचललीही नाही.

“रिपोर्टमध्ये तुम्ही जागेवर नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाका.”

मी टाकली. पुढे रॅम वाढवून मागितली, तर सचिवांच्याच केबिनमध्ये नवा कॉम्प्युटर आला. त्यावर ते आमचे रिपोर्ट बघतात.

त्या मुलीला प्रवेश मिळाला का, मला कळलं नाही. ॲप आता पासवर्डशिवाय बंद होत नाही. परवा एक आई अशीच घाईत आली होती. पांढऱ्या स्क्रीनसमोर माउस हलवत मी तिला म्हणाले, “मशीन स्लो आहे. उद्या या.”