जाड भिंतीच्या आत

विद्यापीठाच्या जागेत, अगदी मागच्या बाजूला, एक जुनं घर आहे. तिथे आधी सगळी शेतीच होती, आणि कुणा जिनिंगवाल्या शेठनं कापसाच्या हंगामात राहायला ते बांधलं, असं सांगतात. जोतं काळ्या दगडाचं, वर विटा आणि चुना, सागाच्या तुळया, छपरावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. यंदा तिथे अभ्यासिका करायचं ठरलं. दोन खोल्यांमधली भिंत पाडून एकच मोठं दालन होणार होतं. आधी घराचा नकाशा हवा होता. ते काम आमच्या विभागाच्या सरांनी मला आणि माझ्या मैत्रिणीला दिलं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे सर काही म्हणाले की मी आधी "हो सर" म्हणते आणि मग घाबरते.

नकाशा काही जुळेना. घराची लांबी बाहेरून मोजली, खोल्या आतून मोजल्या. बाहेरच्या भिंतींची जाडी खिडक्यांत दिसत होती, तीही धरली. तरी बरीच जागा उरत होती आणि ती सगळी मधल्या भिंतीच्या वाट्याला जात होती.

"काऊन वं, टेप ढिल्ली धरलती का तू?" मैत्रीण हसली. "हे भिंत हाय का निजाची बाज?"

सरांनी कागद पाहिला. "बाहेरच्यापेक्षा आतली भिंत जाड कशी असेल? तुमचंच चुकलं आहे. उद्या सकाळी इंजिनिअर येतील. तोवर नीट करून ठेवा."

"हो सर," मी म्हणाले.

आम्ही पुन्हा मोजलं. तेच आलं. दमून मी त्या भिंतीला टेकून खाली बसले. जमिनीलगत एक लोखंडी जाळी होती, आतून चिंध्या कोंबलेल्या. उंदरांसाठी बुजवली असेल असं मला वाटलं होतं. सहज एक चिंधी ओढली, मग सगळ्याच ओढल्या, आणि माझ्या ओढणीचं टोक हळूच जाळीकडे सरकलं. वारा आत जात होता! भिंतीच्या आत!

"तू बाहेर जा," मी मैत्रिणीला म्हटलं. "छपरावर तो विटांचा खोका दिसतो ना, कबुतरं बसतात तो? त्याच्याकडे पाह्यत राहा."

"येडी झाली का?" म्हणत ती गेली.

मी अंगणातला कडुनिंबाचा अर्धवट वाळलेला पाला घमेल्यात पेटवला. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर झाला. घमेलं जाळीपुढे सरकवलं. धूर क्षणभर घुटमळला, मग वाकून सरळ आत शिरला. मी श्वास धरून बसले.

"निंगून राह्यला वं!" बाहेरून ओरडणं आलं. "वरून धूर निंगून राह्यला! कबुतरं उडाली सारी!"

मी धावत बाहेर आले. आम्ही दोघी उड्या मारत होतो, खोकत होतो. मधली भिंत म्हणजे दोन भिंती होत्या, आणि त्यांच्यामध्ये घराचा श्वास होता. खोल्यांतली हवा खालून आत जायची, वरून निघून जायची. वर्ध्याच्या उन्हाळ्यात, पंखे नव्हते तेव्हा, कुणीतरी हे डोक्यात आधी बांधलं असेल आणि मग विटांत.

सकाळी इंजिनिअर आले, तेव्हा पाडायच्या भिंतीवर खडूची रेघ मारूनच झाली होती. सरांना आम्ही संध्याकाळीच पुन्हा धूर करून दाखवला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांग त्यांना."

मी जाळीकडे बोट केलं. सगळं सांगितलं. मधेच अडखळले, हातानं हवा कशी जाते ते दाखवलं. इंजिनिअर पुढे आले. खाली बसून त्यांनी जाळीपुढे तळहात धरला. बराच वेळ तसाच ठेवला.

"पण मोठं दालन पाहिजे म्हणतात," शेवटी ते म्हणाले.

"अभ्यासिका दोन खोल्यांतही बसते, सर. ही भिंत पाडू नका," मी म्हणाले. पहिल्यांदाच मी कुणाला "हो सर" म्हटलं नव्हतं.

त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि भिंतीवरची रेघ पुसायला लागले.