डिक्कीत लोखंड, बॉनेटवर जावई

चहा आधी संपवून घ्या. ही गोष्ट ऐकताना लोकांच्या नाकातून चहा येतो, हा माझा अनुभव आहे, आणि दरवेळी फडकं शोधायला मीच उठतो. मला त्याचा आता कंटाळा आलाय.

वाशीमला माझं ट्रॅक्टरच्या टायरांचं दुकान आहे. आमच्याकडे कुणाचा ट्रॅक्टर चिखलात रुतला, की तो माणूस आधी देवाचं नाव घेतो आणि मग मला फोन करतो. माझा सल्ला कायम एकच. मागच्या चाकात पाणी भर, मागे लोखंडी वजनं लाव, पकड येते म्हणजे येतेच. इतकी वर्षं हा सल्ला कधी खोटा ठरला नाही. ठरला तो फक्त एकदा, आणि तोही माझ्याच गाडीला.

गाडी म्हणजे काय सांगू तुम्हाला. पुण्याहून आणलेली, सेकंडहँड, दोन दारांची, लालभडक छोटी स्पोर्ट कार. विकणारा पुन्हा पुन्हा सांगत होता, “साहेब, फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, लक्षात ठेवा.” मी म्हटलं, हो हो, छान. माझं सगळं लक्ष रंगाकडे. मला वाटलं, गाडीत पंखा असावा तसं ते काहीतरी जास्तीचं असेल.

आमच्या सौभाग्यवती, संध्या, हिनं गाडीला एक प्रदक्षिणा घातली, मागच्या सीटकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, “मागं कोन बसन? कोंबडी?”

तिथूनच माझं आणि गाडीचं बिनसलं. जोरात उचलावी तर चाकं नुसती किंचाळायची आणि गाडी जागच्या जागी. एसटी स्टँडासमोर तर रिक्षावाले चहाचे कप घेऊन बघायला उभे राहिले. वळणावर स्टेअरिंग फिरवावं, तर ही आपली सरळच निघायची. मंगरुळपीर रोडला एकदा मी डावीकडे वळलो, गाडी सरळ गेली, आणि शेवटी आम्ही दोघंही एकाच सोयाबीनच्या वावरात सापडलो. संध्या तेव्हा गाडीत होती. हे माझं दुर्दैव.

वावरातून बाहेर येतानाच तिनं अट घातली. तिचं माहेर आसेगावचं. घर गावाच्या कडेला, नाल्याच्या पलीकडे उंचावर. वर जायला काळ्या मातीचा चढ, आणि पावसाळ्यात त्याचं लोणी होतं.

“पोळ्याले आपल्याले तिथं जायचं आहे,” ती म्हणाली. “हे खेळनं माह्या मायच्या दारापुढं चढलं, कोनी न ओढता, तं ठेवा. नाई चढलं, तं दुसऱ्या दिवशी इकायचं अन् सात सीटची गाडी घ्यायची.”

मी म्हटलं, मंजूर. अहो, पकड हा माझा धंदा. दुकानावर पाटी आहे तशी.

लगेच दोन भारी टायर मागवले आणि स्वतःच्या हातानं मागे बसवले. जुने गुळगुळीत झालेले पुढे तसेच.

“मागं काहून?” संध्यानं विचारलं.

“जोर मागूनच लागते. तुह्या बापाच्या ट्रॅक्टरचे मोठे चाकं कुठी असते? पुढं का मागं?”

“ट्रॅक्टरचं ट्रॅक्टरले. हिचं तं पुढचं चाक फिरून राह्यलं रिकामं. म्या सोता पायलं स्टँडापाशी.”

मी हसलो. नुसता नाही हसलो, दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांकडे बघून हसलो, की पहा, आता बायका आपल्याला टायर शिकवणार. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

गाडीत काही फरक पडला नाही. मग मी मागच्या टायरांची हवा कमी केली. आता ती वळणावर पाय ओढत चालल्यासारखी चालू लागली. एखादा शहाणा माणूस इथं थांबला असता, पण शहाण्या माणसाचं दुकान नसतं, त्याला नोकरी असते. मी दुकानातली लोखंडी वजनं काढली, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला लावतात ती जाडजूड चकत्यांसारखी, आणि डिक्कीत रचायला लागलो. गाडी मागे बसली आणि तिचं नाक वर झालं. दिवे लावून पाहिले तर रस्त्यावर अंधार आणि समोरच्या कडुनिंबाचा शेंडा लख्ख.

संध्या दारात उभी होती. “उलार झाली हे,” ती म्हणाली.

बैलगाडीत मागे वजन जास्त झालं की पुढचा धुरा, म्हणजे जुवाकडचा दांडा, वर उचलला जातो, त्याला उलार म्हणतात. शेतकऱ्याच्या घरचं शेंबडं पोरही हे ओळखतं. मी म्हटलं, ही बैलगाडी नाही, स्पोर्ट कार आहे.

“बैलगाडी असती तं बैलं लटकले असते,” ती म्हणाली आणि आत गेली.

तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. पोळ्याची आदली संध्याकाळ, तिकडे खांदशेकणी चाललेली. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं, त्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं आणि त्याच्या कानात म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” संध्यानं पुन्हा दारात येऊन फोन स्पीकरवर टाकला. सासरे बैलांना इतक्या मायेनं आवतण देत होते, की डिक्कीत वाकलेल्या मला भरून आलं. जावयाशी हा माणूस असं कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी निघालो. स्टेअरिंग एका बोटानं फिरत होतं. मी म्हटलं, “पाय, कशी हलकी झाली गाडी.”

“हलकी नाई झाली,” संध्या म्हणाली. “जमिनीवर नाई राह्यली.”

आसेगावला पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. वर दारापुढे सगळे जमलेले. सासरे, ओवाळणीचं ताट घेतलेल्या सासूबाई, शेजारीपाजारी, आणि शिंगं रंगवून, अंगावर झूल घालून उभी असलेली सासऱ्यांची बैलजोडी. एवढे प्रेक्षक मला लग्नातही मिळाले नव्हते.

मी ॲक्सिलेटर दाबला. पुढची चाकं गरगरली, चिखल उडाला, गाडी थोडी चढली, थांबली, आणि मग अगदी सावकाश, मान राखून, मागे घसरत नाल्याकडे निघाली. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

वरून सासऱ्यांची हाक आली, “जवाईबुवा, थांबा तिथंच. नाल्यात जासान.”

मी खाली उतरलो आणि ओरडलो, “मामाजी, जरा बैलजोडी लावा न.”

वर सगळ्या माना वळल्या. बैलसुद्धा माझ्याकडे बघायला लागले.

“आज पोळा आहे, बुवा,” सासरे म्हणाले. “आज बैलाच्या खांद्यावर जू नाई ठेवत.”

“मंग ट्रॅक्टर आना.”

“त्याले बी हार घातला सकाळीच. आज त्याले बी सुट्टी.”

“अन् ओढली तं इकायची,” गाडीतून संध्या म्हणाली. “ध्यानात आहे न?”

सगळीकडून कोंडी. ती सरकून स्टेअरिंगपाशी बसली. लग्नाआधी हिनं बापाचा ट्रॅक्टर वावरात फिरवलेला, गाडी तिला नवी नव्हती. म्हणाली, “आधी ते लोखंड काढा.”

मी एकेक वजन काढून चिखलात ठेवू लागलो. वरच्या गर्दीत माझं एक जुनं गिऱ्हाईक निघालं. ते अगदी काळजीच्या आवाजात म्हणालं, “भाऊ, काढून काहून राह्यले? तुमीच तं सांगतलं होतं न मले, मागं वजन टाका म्हनून?” मी त्याच्याकडे पाठ केली आणि पुढचं वजन उचललं.

डिक्की रिकामी झाली. मी मागून खांदा लावला. पुढच्या चाकांनी उडवलेला सगळा चिखल बाजूनं येऊन माझ्या नव्या सदऱ्यावर बसला. दम लागला, खांदा भरून आला, पण गाडी दोन हातांच्या पुढे जाईना. मला रडू यायचं बाकी होतं. गाडी जाणार, सात सीटची येणार आणि तिच्यात बसून सातही जण मला आयुष्यभर हसणार.

संध्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “असं नाई जमत. पुढं या. बॉनेटवर बसा.”

“काय?”

“गाडी उलार झाली का बाबा काय करते? पुढं धुऱ्यावर जाऊन बसते. फिरनारं चाक पुढं, तं वजन पुढं पायजे. बसा.”

माझं वजन मी सांगत नाही. डिक्कीतल्या सगळ्या लोखंडाला भारी पडेल, एवढं समजा. बसलो. काचेला पाठ टेकवली, दोन्ही हातांनी कडा धरल्या, डोळे मिटले. ती खिडकीतून मान काढून रस्ता बघत होती. गाडीनं एक हिसका दिला आणि, खोटं नाही सांगत, चाकांनी माती धरली. सरळ, संथ, न घसरता गाडी चढायला लागली. मी डोळे उघडले तेव्हा समोर सासूबाई होत्या, ताट हातात धरून. दारात आलेल्याला ओवाळायचं एवढंच त्यांना सुचलं असावं, त्यांनी मला ओवाळलं. बैल मागे नंबर लावून उभे.

“कोनी ओढली का?” संध्यानं खाली उतरून सगळ्यांना विचारलं. “नाई ओढली. चढली. ठेवा गाडी.”

माझा जीव भांड्यात पडला. मग तिनं चावी स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि ती आजपर्यंत तिथंच आहे. नवे टायर पुढे आलेत, गाडी वळणावर शहाण्यासारखी वळते, आणि मी शेजारच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघतो.

त्या संध्याकाळी माझा खांदा उचलेना. सासूबाईंनी वाटी पाठवली. आदल्या दिवशीची उरलेली हळद आणि तूप. सासऱ्यांनी स्वतः चोळून दिलं. “आज कामाचे तुमीच होते,” एवढंच म्हणाले.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. संध्यानं स्पीकरवर टाकला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि सासऱ्यांचा तोच मायेचा सूर, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मी म्हटलं, “खांदशेकणी चालू झाली वाटते बैलाची.”

“बैलाची कवाच झाली,” संध्या म्हणाली आणि फोन माझ्या कानाला लावला. “हे तुमाले आहे.”