खोटी ठरवलेली पर्स

राजेश्वरीला लेखी हवं होतं.

"दोनच ओळी लिहा ताई," ती फोनवर म्हणाली. "ही पर्स मी तपासली, ती नकली हाय. खाली सही आन् दुकानाचा शिक्का. फोटो काढून मला संध्याकाळपर्यंत धाडा. उद्या दहाला आमी कराडला त्या मयूरीच्या दारात जातोय. कबूल झाली तर ठीक, न्हाईतर तिथनं सरळ पोलीस ठाण्यात."

क्षमा दांडेकर "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. बुधवार होता, दुपारचा एक वाजत आला होता. सांगलीत हरभट रोडच्या मागच्या गल्लीतल्या तिच्या दुकानात दोन सुटकेस नव्या चाकांची वाट बघत पडल्या होत्या आणि शाळेच्या दप्तरांचा ढीग होता. राजेश्वरीची तपकिरी पर्स वरच्या फळीवर, उशीच्या अभ्र्यात घालून ठेवलेली होती.

क्षमाचं वय अठ्ठेचाळीस. पुण्यात चामड्याच्या वस्तू परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात तिनं बारा वर्षं तपासणीचं काम केलं होतं. टेबलावरून पर्स सरकत यायची, ती टाके बघायची, कडा बघायची, चेन दोनदा ओढायची आणि शिक्का मारायची नाहीतर बाजूला टाकायची. वडील अंथरुणाला खिळले म्हणून ती सांगलीला परत आली आणि ते गेल्यावर इथेच राहिली. बॅगदुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हा घरात फार बोलणी झाली नाहीत, पण आईनं पहिलं वर्षभर तिला दुकानातून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. चामड्याचा वास येतो म्हणायची.

या दुकानात महागड्या पर्स यायला लागल्या त्या एका डॉक्टरीणबाईंमुळे. त्यांच्या पर्सची कड क्षमानं अशी जोडून दिली की जोड सापडेना. त्यांनी मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी त्यांच्या नणंदांना. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप झाला. सांगली, कराड, फलटण, कडेगाव मिळून चाळीसेक बायका. कुणी शाळेत शिकवणारी, कुणाचं ब्यूटी पार्लर, कुणाची घरची बागायत. सगळ्यांना मोठ्या कंपनीची एक तरी पर्स हवी होती आणि घ्यायची कशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. क्षमा त्यांना सांगायची. पहिली पर्स रोज वापरता येईल अशीच घ्या, कपाटात ठेवायला नको. पाच साध्या घेण्यापेक्षा एक चांगली घ्या, वापरलेली असली तरी चालेल. कोपरे बघा, कोपरे आधी झिजतात. कंपनीचं नाव फार ठळक असेल तर एक दिवस थांबा आणि मग ठरवा. प्लास्टिकमध्ये ठेवू नका, जुन्या सुती साडीत गुंडाळा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हवेवर काढा. बायका हे वहीत उतरवून घ्यायच्या. क्षमाला ते आवडायचं. कारखान्यात बारा वर्षांत कुणी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

राजेश्वरी यादव त्या ग्रुपमधली. कडेगावची, नवरा सैन्यात सुभेदार, घरचा ऊस, आणि स्वतःची उसाच्या रोपांची रोपवाटिका. त्या रोपवाटिकेच्या कमाईतून तिनं आयुष्यातली पहिली मोठी पर्स घेतली, तीही ग्रुपमधल्याच मयूरीकडून. मयूरी कराडची. चांगल्या घरांतल्या वापरलेल्या पर्स घेऊन ती पुढं विकायची.

तीन आठवड्यांपूर्वी राजेश्वरी ती पर्स दाखवायला दुकानात आली, तेव्हा आणखी दोघीजणी बसल्या होत्या. क्षमानं पर्स उजेडात फिरवली. हँडलचा दोरा बाकीच्या दोऱ्यापेक्षा जरासा पिवळा होता. हँडलवरचे टाके जवळजवळ होते, पर्सच्या अंगावरचे लांब. चेनचा रनर नवा चकचकीत. चार मिनिटं झाली असतील नसतील.

"ही खरी नाही," ती म्हणाली.

राजेश्वरीनं पर्स मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. जाताना ती पर्स तिथेच टाकून गेली. तासाभरानं ग्रुपवर तिचा आवाजातला निरोप आला, मयूरीनं नकली पर्स विकली म्हणून, क्षमाताईंचं नाव घेऊन.

संध्याकाळी मयूरीचा फोन आला होता. "ताई, हँडल बदललेलं आहे, चेनचा रनरसुद्धा. साताऱ्याच्या ज्या बाईंची पर्स होती, त्यांनी कंपनीकडूनच बदलून घेतलंय. तुम्ही एकदा आतून उघडून बघा."

"विकणारा प्रत्येक जण हेच सांगतो, मयूरी."

"बघा तरी."

"उघडायची गरज नाही मला."

त्यानंतर ग्रुपमधून मयूरीला काढून टाकलं गेलं. तीन बायकांनी तिच्याकडून घेतलेल्या पर्स परत केल्या. तिच्या नवऱ्याला, अवधूतला, कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी विचारलं की तुमच्या घरी नकली मालाचा धंदा चालतो का. हे क्षमाच्या कानावर आलं होतं. तिनं ऐकून सोडून दिलं होतं.

आता सही करायची म्हटल्यावर मात्र तिला पुरावा हवासा वाटला. पोलिसांनी विचारलं, कशावरून, तर फोटो दाखवता यावा. तिनं पर्स खाली काढली, दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं, आणि हँडलच्या बाजूनं अस्तराचे टाके बारीक पात्यानं एकेक करून उसवले.

नकली पर्समध्ये हँडलच्या मुळाशी आतून पुठ्ठा असतो. इथं पातळ चामड्याची पट्टी होती, कडा घासून तीनदा रंग दिलेली. क्षमाचा हात थांबला. तिनं मोबाईलचा दिवा लावला. हँडलच्या नव्या टाक्यांच्या बाजूला जुनी, रिकामी भोकं होती. तिनं मोजपट्टी लावून मोजली. अंतर पर्सच्या अंगावरच्या टाक्यांएवढंच होतं. म्हणजे आधीचं हँडल अंगाबरोबरच शिवलेलं होतं आणि नंतर ते काढून दुसरं बसवलं होतं. थोडं आत, शिवणीत धरलेली, नखाएवढी पांढरी फीत होती. तिच्यावर कंपनीचा शिक्का, दुरुस्तीचा नंबर, महिना आणि वर्ष.

पर्स खरी होती.

क्षमा स्टुलावर बसली. बाहेर कुणीतरी दप्तराची चेन झाली का विचारत होतं. "उद्या," ती आतूनच म्हणाली.

हे अजून कुणालाही माहीत नव्हतं. अस्तर परत शिवायला वीस मिनिटं लागली असती आणि तिनं शिवलेलं तिच्याशिवाय कुणाला ओळखू आलं नसतं. तिनं सुई ओवलीसुद्धा. मग ती तशीच कापडाला टोचून ठेवली आणि कागद घेतला. 'माझ्या मते पर्सचे हँडल मूळचे नाही,' असं लिहिलं. वाचून बघितलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी तो कागद घेऊन ते लोक मयूरीच्या दारात उभे राहिले असते. तिनं कागद फाडला.

मयूरीला फोन लावला, लागला नाही. मेसेज गेला नाही. मयूरीनं क्षमाचा नंबर ब्लॉक करून ठेवला होता. मग तिनं राजेश्वरीला लावला.

"राजेश्वरी, जरा थांबाल का? मला परत एकदा बघू दे."

"आता काय बघायचं ऱ्हायलंय ताई? तुमीच म्हणालासा न्हवं, खरी न्हाई म्हणून?"

"हो, म्हणाले. पण..."

"भावोजींनी तिच्या नवऱ्याला फोन केलाय. कामावर रजा टाक, दहाला घरीच ऱ्हा म्हणून सांगितलंय. आता मागं सरलं तर आमालाच लोक हसतील. तुमी तेवढा कागद धाडा."

माझी चूक झाली, हे तीन शब्द क्षमाच्या तोंडातून निघाले नाहीत. फोन संपला तरी ती तो कानाशी धरून होती.

कागद तिनं पाठवला नाही. सकाळी सातच्या एसटीनं ती कराडला निघाली, पर्स अभ्र्यासकट मांडीवर घेऊन. आष्टा गेलं, पेठ नाक्याला ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या आडव्या येऊन बस अडकली आणि पाऊण तास हलली नाही. ती दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. राजेश्वरीचे तीन फोन येऊन गेले. तिनं उचलले नाहीत. फोनवर बोलली असती तर परत अर्धंच बोलली असती.

शनिवार पेठेत मयूरीच्या घराखाली जीप उभी होती आणि जीपला टेकून दोन अनोळखी माणसं. सव्वादहा झाले होते. क्षमा जिना चढली. दारात मोठ्या चपला होत्या. आत खुर्चीवर राजेश्वरीचा दीर जयराज बसला होता, शेजारी राजेश्वरी. अवधूत खिडकीशी उभा होता. मयूरी जमिनीवर, भिंतीला पाठ लावून.

"आल्या बघा," जयराज म्हणाला. "द्या मॅडम, कागद द्या. हिला वाचून दाखवू."

"कागद आणलेला नाही," क्षमा म्हणाली. "पर्स खरी आहे. चूक माझी झाली."

शेजारच्या घरात मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"काल खोटी, आज खरी," जयराज सावकाश म्हणाला. "मधल्या वेळात कुणाकुणाचा फोन आला तुमाला?"

"कुणाचाही नाही."

"किती दिलं ह्यांनी?"

अवधूत खिडकीपासून पुढं आला. मयूरीनं हात वर केला तसा तो थांबला.

क्षमा खाली बसली, अभ्रा काढला, उसवलेलं अस्तर बाजूला केलं.

"माझी पर्स फाडलीसा?" राजेश्वरी म्हणाली. "न विचारता?"

"उसवली आहे. परत शिवता येते. विचारायला हवं होतं, तेही चुकलं. तुम्ही इकडे या. माझ्यावर विश्वास ठेवू नका, बोटानं बघा."

राजेश्वरी दिराकडं न बघता उठली आणि तिच्याशेजारी येऊन बसली. क्षमानं दिवा धरला. राजेश्वरीनं बोट आत घालून रिकामी भोकं चाचपली. मग बाहेरचे टाके. मग परत आत. क्षमानं मोजपट्टी दिली तशी तिनं स्वतः अंतर मोजलं. फितीवरचे आकडे ओठ हलवत वाचले. फार वेळ लागला. जयराज मध्येच "वैनी, उठा" म्हणाला. तिनं ऐकलं नाही.

"पयला पट्टा ह्याच भोकात होता," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मग तवाच का न्हाई उघडून बघितलंसा?"

"मला वाटलं, मला न उघडता कळतं."

राजेश्वरीनं मान खाली घातली. जयराज उठला, काहीतरी पुटपुटला आणि चपला पायात सरकवून जिना उतरून गेला.

मयूरी अजून भिंतीशीच होती. तिनं पर्सकडं एकदाही बघितलं नव्हतं. "ग्रुपवर सांगा," ती म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर. लिहून नको. राजेश्वरीताईंनी आवाजात सांगितलं होतं, तुम्हीही आवाजात सांगा."

क्षमानं फोन तोंडाशी धरला. "त्या तपकिरी पर्सबद्दल माझा अंदाज चुकला होता. ती खरी आहे."

"परत," मयूरी म्हणाली. "अंदाज म्हणू नका. आणि माझं नाव घ्या."

दुसऱ्या वेळी क्षमानं नाव घेतलं, पण 'अंदाज' परत म्हणाली. तिसऱ्या वेळी ती नीट बोलली. मयूरीनं विकलेली पर्स खरी आहे, हँडल बदललेलं आहे हे मयूरीनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं, मी तिचं ऐकलं नाही आणि न तपासता तिला खोटं ठरवलं. निरोप गेल्याची खूण उमटेपर्यंत मयूरी फोनकडं बघत होती.

"आता जा तुम्ही," ती म्हणाली. चहाचं कुणी विचारलं नाही.

राजेश्वरी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आली. जीप निघून गेली होती. बस लागल्यावर तिनं पर्स क्षमाच्या हातात दिली. "शिवून द्या. आन् मजुरी घेऊ नगा."

"नाही घेणार."

दिवाळीपर्यंत ग्रुपमधल्या अकरा बायका कमी झाल्या. पर्स परत केलेल्या तिघींपैकी एकीनंच मयूरीला फोन केला. मयूरीनं पुढं पुन्हा विक्री सुरू केली, वेगळा ग्रुप काढून. त्यात क्षमा नाही. राजेश्वरी दोन्हीकडं आहे. क्षमानं मयूरीला पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलेलं नाही.

गेल्या महिन्यात फलटणहून शिवांजली नावाची एक प्राध्यापिका आली. पहिलीच पर्स, ऑनलाइन घेतलेली, परत करायची मुदत दोन दिवसांत संपणार. खरी की खोटी, एवढंच सांगा म्हणाली.

"आधी कुणाची होती, काही माहिती आहे?" क्षमानं विचारलं.

"नाही."

"विकणाऱ्याला विचारा. काय सांगतील ते मला सांगा. पर्स ठेवून जा. उघडायची परवानगी द्यावी लागेल, आणि चार दिवस लागतील."

"चार? मुदत परवा संपते. तुम्ही बघितल्याबरोबर सांगता असं ऐकलं होतं."

"सांगायचे."

"आणि चार दिवसांनी नक्की कळेल?"

"कदाचित नाही कळणार. तसं झालं तर नाही कळलं असं सांगेन. मुदत संपणार असेल तर परत करून टाका."

शिवांजलीनं पर्स उचलली, तिची चेन दोनदा उघडबंद केली, आणि कोल्हापुरात कुणीतरी आहे म्हणतात, तिकडं बघते म्हणाली. क्षमानं तिला कोल्हापूरची बस कुठून सुटते ते सांगितलं.