डब्यावर विमलताई

केळापूरच्या विमलताई भगत बारा वर्षांपासून आशा सेविका. त्यांनी सांगितलं की गाव ऐकायचं. म्हणूनच गावातलाच, नागपूरला शिकून डॉक्टर झालेला पियुष त्यांच्याकडे आला. एका कंपनीने झाडपाल्याची गोळी काढली होती. तिने रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं का, ते तपासायचं होतं. निम्म्या लोकांना ती गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली.

"काकू, तुमच्याशिवाय लोक येणार नाहीत," पियुष म्हणाला.

ताईंनी घरोघरी फिरून साठ माणसं जमवली. तीन महिने गोळी चुकली का विचारलं, तपासणीच्या दिवशी सगळ्यांना उपाशीपोटी रक्त द्यायला नेलं. शेवटी पियुषने त्यांना समोर बसवून सांगितलं, "दोन्हीकडं सारखंच आलं, काकू. गोळीनं फरक पडला नाही."

ताई हिरमुसल्या, पण पोरगा खरं बोलला याचं त्यांना बरं वाटलं. निघताना त्याने आठवण म्हणून त्यांचा फोटो काढला आणि एका कागदावर सही घेतली. ताईंनी तो वाचला नाही.

चार महिन्यांनी पांढरकवड्याच्या एका मेडिकलमध्ये त्यांना तीच गोळी दिसली. डब्यावर त्यांचा फोटो होता. खाली छापलं होतं, 'आमच्या गावाचं कोलेस्टेरॉल उतरलं.'

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"मी असं कवा म्हटलं, पियुष?"

"कंपनीनं छापलं, काकू. सही तर तुमचीच हाय."

"तुह्यावर भरवसा ठेवून देली होती."

त्याने फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

गावात परतल्यावर कळलं, शेजारच्या हंसाबाईने दवाखान्यातली कोलेस्टेरॉलची गोळी सोडून हीच सुरू केली होती.

"हे घेऊ नको, हंसा. यानं काही होत नाही."

"मंग डब्यावर कायले हाय तू?" हंसाबाईने विचारलं. "तवा घरोघरी तूच फिरत होती ना?"

 दुसऱ्या दिवशी ताई तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या आणि जुनी गोळी पुन्हा सुरू करवली. यवतमाळला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन लेखी तक्रारही केली. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.

गेल्या महिन्यात शुगर तपासणीचं शिबिर होतं. ताई त्या साठही जणांच्या घरी गेल्या. "येतो," सगळे म्हणाले. दुपारपर्यंत सहाजण आले.